बॅलिस्टॉल: ग्लॉक १९ साठी चांगलं, पण थेंब मोजून
बॅलिस्टॉल हे जर्मन तेल गंज रोखायला उत्तम, पाण्यातही मिसळतं. वास मात्र उग्र. ग्लॉक १९ या पिस्तुलाला ते फार लागत नाही. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, उतरवायला आधी ट्रिगर दाबावा लागतो, म्हणून मॅगझिन काढून चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. बॅरलवर बाहेरून पुसट हात, स्लाइडच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत एकेक थेंब. खरा महत्त्वाचा थेंब मागे, ट्रिगर बार (ट्रिगरला जोडलेली पट्टी) कनेक्टर नावाच्या छोट्या पत्र्याला घासतो तिथे. तो चुकला की ट्रिगर जड होतो. फायरिंग पिनची (गोळीच्या बुडावर आदळणाऱ्या पिनची) नळी कोरडीच हवी: तेलात काजळी साठते, पिन मंदावते, गोळी उडत नाही. नव्या पिस्तुलातलं तांबूस ग्रीस पुसू नका. फवाऱ्याचा डबा टाळा, साधी बाटली घ्या. फवारा नको तिथे हमखास पोहोचतो.