कासदाह (कासेची सूज, मॅस्टायटिस) लवकर ओळखायला सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) की कंडक्टिव्हिटी मीटर?

मुंबईतल्या आरेच्या तबेल्यांत पावसाळाभर जमीन ओली राहते, त्यामुळे कासदाहाचा धोका वाढतो. दुधात गाठी दिसेपर्यंत थांबणं महागात पडतं.

सीएमटीत पहिल्या धारा टाकून द्याव्यात. मग चार कप्प्यांच्या ट्रेमध्ये प्रत्येक सडाचं २-३ मिली दूध आणि तेवढंच सीएमटीचं द्रावण घेऊन १० सेकंद गोल फिरवावं. मिश्रण जेलीसारखं घट्ट झालं, तर त्या सडाच्या दुधात पांढऱ्या पेशी वाढल्यात, म्हणजे कासदाहाची शंका. नुकत्याच व्यायलेल्या किंवा आटत आलेल्या गाईत मात्र ही चाचणी फसवते.

मीटर दुधातून वीज किती सहज वाहते ते मोजून त्यातलं वाढलेलं सोडियम-क्लोराइड पकडतो. झटपट, पण तापमानाने आकडा बदलतो. म्हणून ताज्या दुधावर त्याच गाईच्या चारही सडांची तुलना करावी. चारही बाधित असतील, तर फरक दिसतच नाही.

आमची पसंती सीएमटीलाच. अँटिबायोटिकआधी दुधाचं कल्चरही (कोणते जंतू आहेत हे पाहणारी प्रयोगशाळेतली तपासणी) कराच.