"भूक वाढली म्हणजे गुण आला, ताई"

आमची मांजर ठमी तेरा वर्षांची आहे. डोंबिवलीच्या या घरात आम्ही राहायला आलो, त्याच पावसाळ्यात ती जिन्याखाली सापडली. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास ती एकाएकी खा-खा करायला लागली. वाटी चाटूनपुसून पुन्हा ओट्यापाशी यायची, रात्री अडीचला उठून घरभर ओरडत फिरायची. आई म्हणायची, "म्हातारपणी जीभ सुटली हिची." आम्हाला त्यात आनंदच वाटत होता. पण उचलून घेतली की पाठीचे मणके हाताला लागायचे. वजन केलं तर सव्वाचार किलोची मांजर तीन किलो शंभर ग्रॅमवर आलेली.

डॉक्टरांनी तिच्या गळ्यावरून बोटं फिरवली आणि छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोके मिनिटाला २४० पडत होते. रक्ताच्या तपासणीत टी-फोर, म्हणजे थायरॉईडचा हार्मोन, अकराच्या वर आला, लॅबची वरची मर्यादा चारच्या आसपास होती. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जास्त काम करत होती. दहा वर्षांपुढच्या मांजरांत हा आजार बऱ्याचदा दिसतो आणि गळ्यातली वाढ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, असं त्यांनी सांगितलं. रोज दोनदा गोळी द्यायची, तीही जन्मभर, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.

ती गोळी देणं हीच आमच्या घरातली खरी लढाई होती. एकानं टॉवेलमध्ये गुंडाळून धरायचं, दुसऱ्यानं तोंड उघडायचं. तोंडाला फेस यायचा, गोळी सोफ्याखाली जायची, माझ्या मनगटावर ओरखडे उठायचे. मला पाहिलं की ती पलंगाखाली शिरायची. इतकी वर्षं माझ्या उशाशी झोपलेलं मांजर मला घाबरायला लागलं, हे मला सोसत नव्हतं. त्याच दिवसांत मोबाईलवर ती जाहिरात दिसली: मांजरांच्या थायरॉईडवर नैसर्गिक थेंब, गोळी कायमची बंद.

व्हॉट्सॲपवर बोलणारा माणूस स्वतःला प्राण्यांचा डॉक्टर म्हणवत होता. बोलणं अगदी मायेचं. ठमीची चौकशी तो रोज करायचा, तेवढी आमच्या नातेवाइकांनीही केली नसेल. साठ दिवसांच्या कोर्सचे साडेसात हजार रुपये मी यूपीआयनं पाठवले. परदेशात या आजारावर आयोडीनच देतात, आमच्या थेंबांत समुद्री शेवाळाचं नैसर्गिक आयोडीन आहे, असं तो म्हणाला. गोळीनं किडनी खराब होते, ती आजच थांबवा, हेही त्यानंच सांगितलं. मी थांबवली.

नवव्या दिवशी मी लिहिलं की ठमी खूप खातेय, रात्री कपाटावर उड्या मारतेय. त्याचं उत्तर लगेच आलं: "भूक वाढली म्हणजे गुण आला, ताई. अंगात ताकद येतेय." उलट्या झाल्या तेव्हा म्हणाला, शरीरातलं विष बाहेर पडतंय. पाणी जास्त प्यायला लागली तेव्हाही तेच. आज ते मेसेज वाचताना हात थरथरतात. तो जे जे गुण म्हणून सांगत होता, ते एकेक आजाराचं लक्षण होतं. माझं मांजर माझ्या डोळ्यांसमोर झिजत होतं आणि मी त्याला आभाराचे मेसेज पाठवत होते.

सव्विसाव्या दिवशी सकाळी ठमी दाराच्या चौकटीला धडकली. मग पाण्याच्या वाटीला. दोन्ही बाहुल्या मोठ्या, उन्हातही तशाच. दवाखान्यात कळलं की रक्तदाब भयंकर वाढून दोन्ही डोळ्यांचे पडदे मागून सुटले आहेत. टी-फोर पहिल्यापेक्षाही वर गेला होता. डॉक्टर मला रागावले नाहीत, बाटली मागून घेतली. लेबलवर उत्पादकाचा परवाना क्रमांक नव्हता, बॅच नंबर नव्हता, मुदत संपायची तारीखही नव्हती. नुसतं हिरवं पान आणि हसरं मांजर.

मग त्यांनी समजावलं ते तुम्हालाही कळायला हवं. परदेशात देतात ते किरणोत्सारी आयोडीन असतं. ते थायरॉईडमध्ये जाऊन वाढलेल्या पेशी मारतं, आणि मांजराला काही दिवस वेगळं ठेवावं लागतं. साधं आयोडीन हा थायरॉईडच्या हार्मोनचा कच्चा माल. म्हणूनच या आजारासाठी जे खास खाणं मिळतं, त्यात आयोडीन मुद्दाम अगदी कमी ठेवलेलं असतं. मी नेमकं उलटं देत होते. किडनीची गोष्टही अशीच अर्धी खरी. थायरॉईड वाढलेली असताना किडनीतून रक्त जोरात वाहतं आणि तिचा आधीपासूनचा आजार झाकला जातो. उपचार सुरू झाले की तो उघडा पडतो. म्हणून गोळीबरोबर रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते दाखवणारा आकडा, तपासत राहतात, गोळी फेकून देत नाहीत. गोळीनं उलट्या झाल्या, मांजर तोंड खाजवायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

आणि मला हे आधीच विचारता आलं असतं: तुमचा नोंदणी क्रमांक काय? प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरची राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत नोंद असावी लागते. शेवटी मी विचारलं तेव्हा त्यानं मला ब्लॉक केलं. बाटली, पावती आणि सगळे मेसेज जोडून मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

ठमीची गोळी पुन्हा चालू आहे, सोबत रक्तदाबाचीही. आता थोडं तूप चोळून, उकडलेल्या बोंबलाच्या तुकड्यात दडवून देते. दहातल्या आठ वेळा जाते. वजन साडेतीन किलोवर आलंय. नजर परतली नाही. मिशांनी भिंत चाचपत ती माझ्या उशापर्यंत येते.

मागच्या आठवड्यात त्या जाहिरातीतलं आधीचं-नंतरचं चित्र मी पुन्हा पाहिलं. आधीच्या फोटोतल्या मांजराचा डावा कान टोकाला कापलेला आहे, नसबंदी झालेल्या भटक्या मांजरांचा असतो तसा. नंतरच्या गुबगुबीत मांजराचा तोच कान अख्खा आहे. मांजरं दोन आहेत. थेंबांचं नाव आता बदललंय, बाटली निळी झालीये, किंमत नऊ हजार. फोटो मात्र तेच आहेत.