हवा मोजायचं मशीन घेतलं, दहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट सुरू झालं आणि गॅलरीच्या कठड्यावर रोज सकाळी बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसायला लागली, म्हणून हे ऑनलाइन मागवलं, साडेतीन हजारला. कंपनी कुठली ते सोडा, या किमतीत आतलं तंत्र साधारण सारखंच असतं, बारीक पंखा हवा ओढतो आणि कणांवर आपटून लेसरचा उजेड किती विखुरतो त्यावरून आकडा काढतात.

पहिल्याच दिवशी घोळ. बाहेर काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालू, कठडा पांढराफटक, आणि स्क्रीनवर पीएम २.५ (म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फक्त ३८, वर हिरवा चेहरा हसतोय. म्हटलं गंडलो. तेवढ्यात आईने आत लसणाची फोडणी दिली, त्यात सुकी मिरची, आणि आकडा थेट ४१२! आई म्हणे, तुझं यंत्र माझ्याच जिवावर उठलंय.

नंतर वाचून कळलं. सिमेंट-मातीची धूळ बरीचशी जाड असते आणि जाड कण अशा सेन्सरला नीट सापडतच नाहीत, पीएम १० चा (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा तर बारीक कणांवरून अंदाजाने ठोकलेला असतो. उलट फोडणीचा धूर, उदबत्ती, डिझेलची काजळी हे बहुतेक एका मायक्रॉनच्या आतबाहेरचं (केस साधारण ७० मायक्रॉन धरा), थेट फुफ्फुसात खोल जाणारं, ते मात्र हे बऱ्यापैकी पकडतं. पण कण कशाचा ते विचारू नका, काजळी असो, सल्फेट असो नाहीतर समुद्राचं मीठ, याला सगळे सारखेच, ते ओळखायला फिल्टरवर कण गोळा करून लॅबमध्येच न्यावे लागतात. आणि दमट हवेत मिठासारखे कण पाणी पिऊन फुगतात, मग जुलैत उगाच आकडा चढलेला दिसतो.

हिरवा चेहरा ६० पर्यंत हसतो कारण भारतात पीएम २.५ ची २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटर हवेला ६० मायक्रोग्रॅम आहे, डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) २०२१ पासून १५. तेव्हा चेहरा बघू नका, आकडा बघा.

बॅटरी जेमतेम तीन तास, ॲप भंगार. तरी साडेतीन स्टार, कारण आता आई आधी एक्झॉस्ट लावते मग मोहरी टाकते आणि आकडा सव्वाशेच्या वर जात नाही. धुळीला मात्र ओलं फडकंच. आणि हो, मागच्या जाळीत कचरा अडकतो, महिन्यातून एकदा मऊ ब्रश फिरवा, हे बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नाही.