स्वतःचा केबल मोडेम घेऊन आठ महिने झाले: आकडे वाचायला शिकले त्याची गोष्ट

आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरात इंटरनेट येतं ते टीव्हीच्या जुन्या जाड केबलवरून. गल्लीत फायबर अजून आलेलं नाही. कंपनीच्या मोडेमचं महिन्याला पंधरा डॉलर भाडं बसायचं, म्हणून ऑक्टोबरात स्वतःचा घेतला. डॉक्सिस ३.१ चा (डॉक्सिस म्हणजे टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट चालवायचं मानक), ३२ डाउनस्ट्रीम (कंपनीकडून घराकडे) आणि ८ अपस्ट्रीम (घराकडून कंपनीकडे) चॅनेलचा. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, कारण मी जे लिहिणार आहे ते कोणत्याही मोडेमला लागू आहे. वेगाबद्दल एका ओळीत: जेवढ्याचे पैसे भरतो तेवढा मिळतो, वायरने लावलं तर. वायफाय हे राउटरचं काम, त्याचं खापर मोडेमवर फोडू नका.

खरी गोष्ट मोडेमच्या आतल्या पानाची. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की आकड्यांचा एक तक्ता उघडतो. पहिला महिनाभर मला त्याचा पत्ताच नव्हता. पुण्याच्या टीमबरोबरचा माझा सकाळचा कॉल रोज दोन-तीनदा गोठायचा, आणि मी बिचाऱ्या राउटरला बंद-चालू करत बसायचे.

तक्त्यात दर चॅनेलला, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या दर पट्ट्याला, एक ओळ. पॉवर, एसएनआर, करेक्टेड, अनकरेक्टेबल. पॉवर म्हणजे सिग्नलचा जोर, ती डीबीएमव्हीमध्ये असते, म्हणजे एक मिलिव्होल्टच्या तुलनेत किती डेसिबल (डीबी) ते. शून्य म्हणजे एक मिलिव्होल्ट, म्हणजे शून्य दिसलं तर घाबरायचं नाही, ते उत्तमच. नियमाने उणे १५ ते अधिक १५ चालतं, पण उणे ७ ते अधिक ७ च्या आत असेल तर सुखाने झोपावं. एसएनआर म्हणजे गोंगाटाच्या वर आवाज किती उठून येतो ते. २५६ क्वॅमच्या (क्वॅम म्हणजे लहरींवर माहिती चढवायची एक पद्धत) चॅनेलला तो ३३ च्या खाली जायला लागला की लक्ष ठेवायचं. माझा बहुतेक ठिकाणी ३६ होता. पॉवर मात्र सगळीकडे उणे ९.

अपस्ट्रीमचा आकडा उलटा वाचायचा, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली. ५० दिसलं आणि मी खूश: वा, काय ताकद! ती ताकद नव्हे. मोडेमला कंपनीपर्यंत पोचायला किती ओरडावं लागतंय, ते माप आहे. चाळिशीत असलं तर बरं. ५० म्हणजे घसा बसायची वेळ.

आता एररचे आकडे. जुन्या, म्हणजे ३.१ च्या आधीच्या, पद्धतीच्या चॅनेलवर माहिती १२८ खणांच्या तुकड्यांनी येते. १२२ खण माहितीचे, ६ दुरुस्तीसाठी राखीव. तीनपर्यंत खण बिघडले तर मोडेम गुपचूप दुरुस्त करतो आणि ‘करेक्टेड’मध्ये एक वाढवतो. चौथा बिघडला की अख्खा तुकडा फुकट, ‘अनकरेक्टेबल’मध्ये एक. कॉलमध्ये समोरच्याचा चेहरा गोठतो तो या दुसऱ्या रकान्यामुळे.

पण नुसता आकडा बघून काही कळत नाही. एका चॅनेलवरून असे तुकडे सेकंदाला ४५ हजारांच्या आसपास जातात, दिवसाला ३९० कोटींच्या घरात. महिनाभरात दहा हजार वाया गेले तर कोणाला कळणारही नाही. तेच दहा हजार एका तासात गेले तर मीटिंग बोंबलली. म्हणून वेळ लिहून आकडा टिपायचा, तासाभराने पुन्हा टिपायचा, वजाबाकी करायची. मोडेम बंद केला की सगळे आकडे शून्य होतात, त्यामुळे आधी फोटो काढा आणि मग स्विचला हात लावा. कस्टमर केअरवाले पहिलं वाक्य ‘रीस्टार्ट करा’ म्हणतात आणि तेवढ्यात पुरावा पुसला जातो.

तक्त्याच्या तळाशी ३.१ चा ओएफडीएम नावाचा नव्या पद्धतीचा, रुंद चॅनेल असतो. त्याच्या करेक्टेडमध्ये कोट्यवधींचा आकडा बघून मी एक संध्याकाळ वाया घालवली. तो तसाच असतो. तिथली दुरुस्तीची पद्धत वेगळी, ती सतत कामाला लागलेली असते. त्या ओळीतही अनकरेक्टेबलच बघायचं.

वजाबाक्या करता करता नोव्हेंबरात एक गंमत दिसली. वाया गेलेले तुकडे ३२ पैकी चारच चॅनेलवर वाढत होते. फ्रिक्वेन्सी ७३५ ते ७५३ मेगाहर्ट्झ, आणि त्या चारांचाच एसएनआर ३१. बाकीचे ठणठणीत. अमेरिकेत मोबाइलच्या एलटीई (४जी) टॉवरचा आवाज साधारण ७२९ ते ७५६ मध्ये चालतो. केबलच्या आतही तेच आकडे वापरतात, कारण आत-बाहेर संबंध नसतो. मात्र केबलच्या जाळीला (बाहेरचे सिग्नल अडवणाऱ्या धातूच्या आवरणाला) कुठे भोक असेल तर टॉवर थेट आत येतो.

भोक सापडलं सोफ्यामागे. आधीच्या मालकाने लावलेला चार तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या चार वाटा करणारा डबा. एका तोंडाला माझा मोडेम, दोन तोंडांतून केबली रिकाम्या बेडरूममध्ये जाऊन भिंतीतून नुसत्या लोंबत होत्या, आणि चौथं तोंड उघडं. म्हणजे घरात मीच दोन अँटेना पाळल्या होत्या. चार तोंडांचा स्प्लिटर ७ डीबी खातो. तो काढून एक साधा दोन डॉलरचा जोड लावला आणि ७/१६ इंची पान्याने आवळला. नुसत्या बोटांनी आवळलेला कनेक्टर आवळलेला नसतो, हे लिहून ठेवा. पॉवर उणे ९ वरून उणे २, अपस्ट्रीम ५० वरून ४३, चारही चॅनेल शांत. हिवाळाभर एक तक्रार नाही.

एप्रिलमध्ये बाबा नाशिकहून आले आणि त्यांच्याबरोबर पाऊसही. बाबांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. मोडेमचं पान दाखवलं तर चष्मा पुसून म्हणाले, ‘‘अगं, हे डेसिबल म्हणजे आमचेच की!’’ त्या दिवसापासून त्यांनी एक दोनशे पानी वही घातली. तारीख, वेळ, हवामान, सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनेलची पॉवर, अनकरेक्टेबल. सकाळी चहाबरोबर आणि रात्री जेवणानंतर.

वहीतल्या दोन ओळी तशाच देते. ‘ऊन. खालचा उणे २, वरचा उणे २.५. वाढ ०.’ आणि दोन दिवसांनी: ‘रात्रभर पाऊस. खालचा उणे ३, वरचा उणे ११. वाढ ६४,०००.’ पाऊस थांबल्यावर आकडे लगेच सुधारत नव्हते, दोन दिवस घेत होते.

‘‘लायनीत ओल शिरलीय,’’ बाबा म्हणाले. ‘‘पाणी वरच्या फ्रिक्वेन्सीला आधी खातं.’’

निदान अचूक, उपाय मात्र चुकला. त्यांनी हट्टाने अँप्लिफायर मागवायला लावला. तो लावल्यावर पॉवर छान अधिक ४ झाली, एररमध्ये तसूभर फरक नाही. सिग्नलबरोबर गोंगाटही मोठा झाला, दुसरं काय! तिसऱ्या दिवशी तो परत केला. बाबा त्या दिवशी जरा गप्प होते.

मग कंपनीला फोन. पहिला टेक्निशियन लख्ख उन्हात आला, मीटर लावलं, सगळं हिरवं, पाच मिनिटांत गेला. त्याचीही चूक म्हणता येत नाही, ओल त्या दिवशी वाळलेलीच होती. दुसऱ्याच्या वेळी मी वही त्याच्यासमोर उघडून ठेवली. मराठीतली वही त्याला काय कळणार, पण आकडे वाचता येत होते, आणि मोडेमच्या लॉगचे (घडलेल्या घटनांच्या नोंदींचे) फोटोही होते. लॉगमध्ये पावसाच्या रात्री टी३ टाइमआउटची रांग लागली होती. मोडेम कंपनीकडे हाक देतो आणि २०० मिलिसेकंदांत ओ आली नाही तर एक टी३ नोंदवतो. लागोपाठ १६ झाले की हार मानून सगळं पहिल्यापासून सुरू करतो. अशा वेळी लॉगमध्ये तारीख १ जानेवारी १९७० दिसते. घाबरू नका, त्याला अजून घड्याळ मिळालेलं नसतं.

तो थेट बाहेर गेला. घराच्या भिंतीवर जिथे खांबावरून येणारी केबल अर्थिंगच्या तारेला जोडलेली असते, तो जोड त्याने उघडला. आतली तांब्याची तार पितळी भांड्याला कळक चढावा तशी हिरवी, तिच्या मुळाशी गंज आणि जाळीवर पांढरी पूड. कनेक्टर हलवला तर दोन थेंब पाणी बाहेर आलं. बाबांनी ते थेंब बोटावर घेऊन मला दाखवले. खांबापासून घरापर्यंतची केबल बदलून मिळाली, पैसे लागले नाहीत.

तुम्ही पुण्या-मुंबईत फायबरवर असाल तर यातलं क्वॅम-बिम तुम्हाला लागू नाही. पण तुमच्याही ओएनटीच्या (फायबरच्या टोकाला घरात लावलेल्या डब्याच्या) पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे पोचलेल्या प्रकाशाचा जोर, असा एक आकडा असतो, डीबीएममध्ये, म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत. घरगुती जीपॉनला (घरोघरच्या फायबरच्या नेहमीच्या पद्धतीला) तो साधारण उणे ८ ते उणे २७ च्या मध्ये हवा. माझ्या भावाचा उणे २८ निघाला, कपाटामागे केबलला काटकोनी मुरड पडली होती.

मोडेमबद्दल शेवटचं. घेण्याआधी तुमच्या कंपनीच्या मान्य यादीत तो आहे ना ते बघा, नाहीतर चालूच करून देत नाहीत. फर्मवेअर, म्हणजे मोडेमच्या आतलं सॉफ्टवेअर, तुम्हाला बदलता येत नाही, ते कंपनीच पाठवते. यात लँडलाइन फोनचं तोंड नाही. अंगाला हात लावला तर चांगलाच गरम लागतो, कपाटात कोंडू नका. भाड्याचा हिशेब धरला तर किंमत अकराव्या महिन्यात वसूल होते. आमचे अजून तीन बाकी आहेत.

नवी केबल पडून आज एकेचाळीस दिवस झाले. मध्ये तीनदा धो धो पाऊस झाला. सगळ्या चॅनेलचे मिळून अनकरेक्टेबल: २७. बाबा परत गेलेत, वही इथेच ठेवून. रविवारी व्हिडिओ कॉलवर तब्येतीच्या आधी तोच आकडा विचारतात.