गाडीच्या मिस्त्रींकडचा स्टेथोस्कोप घरी घ्यावा का?

घ्यावा. स्वस्तात मिळतो आणि बोनेटखालून घरघर यायला लागली की नेमका कोणता भाग कुरकुरतोय हे बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. पण त्याआधीची अक्कल आपल्यालाच चालवावी लागते, आणि काही आवाजांपुढे तो अगदीच निरुपयोगी आहे.

वस्तू साधी आहे. कानात घालायच्या दोन नळ्या, रबरी पाइप, पत्र्याची चपटी डबी आणि डबीला वीतभर स्टीलची सळी. डबीत पातळ पडदा असतो. सळीचं टोक इंजिनाच्या भागावर टेकवलं की तिथला कंप पडद्यापर्यंत जातो. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही: धातूतला आवाज हवेत उतरायला फारसा राजी नसतो, बराचसा पृष्ठभागावरूनच आत परततो. जो बाहेर पडतो तो सगळ्या भागांचा एकत्र गलका. सळी टेकवली की तो गलका टळतो. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाजवळच्या हाडाला लावून जुने मिस्त्री हेच करतात, तेही फुकटात. आमचे मामंजी त्याच पंथाचे. हे खेळणं कशाला आणलंस, म्हणाले. पण स्क्रू ड्रायव्हरसाठी डोकं फिरत्या बेल्टशेजारी न्यावं लागतं. मला ते नको.

आमची पेट्रोल गाडी जुनी आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की उजव्या बाजूने कोरडी खरखर, तापल्यावर थोडी कमी. सळी हातात घ्यायच्या आधी सीटवर बसूनच चाळणी लावली. उभ्या गाडीत न्यूट्रलवर रेस दिली की आवाज वाढत होता, म्हणजे चाकांचा संबंध नाही. क्लच दाबून पाहिला, फरक नाही. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग असतं तर क्लच दाबल्यावर आवाज थांबला असता, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग असतं तर उलट दाबल्यावर सुरू झाला असता. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) म्हणावं, तर टॅपेटला ठेका असतो: टॅपेट हलवणारा कॅमशाफ्ट इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्यांवर) एका टॅपेटची टकटक मिनिटाला ४०० वेळा. इथे ठेकाच नव्हता. एसी चालू-बंद केला, आवाज तसाच. मात्र एसी बंद असतानाही त्याची पुली बेल्टवर फिरतच असते, म्हणून तिला संशयितांत ठेवलं. उरला बेल्ट आणि त्यावर फिरणारी मंडळी.

इथे स्टेथोस्कोपने पैसे वसूल केले. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या अंगावर टेकवला: सलग, गुळगुळीत सूं. वॉटर पंपाजवळ थोडा घुमल्यासारखा आवाज, बाकी काही नाही. एसी कॉम्प्रेसर शांत. मग बेल्टला वळण देणाऱ्या आयडलर पुलीच्या मधल्या बोल्टवर टेकवला आणि कानातून नळ्या उपसून काढाव्याशा वाटल्या. जात्यात खडा सापडावा तशी खरड. हा बोल्ट फिरत नाही, म्हणून तिथे सळी टेकवता येते. फिरत्या पुलीला ती लागली तर हातातून उडेल.

खात्रीसाठी इंजिन बंद करून बेल्टच्या मार्गाचा फोटो काढला, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर ढिला करून बेल्ट उतरवला आणि एकेक पुली हाताने फिरवली. आयडलर खरखरत होती, शिवाय किंचित डुगडुगतही होती. पुली पत्र्याची, बेअरिंग सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) अडवलेलं, त्यामुळे नुसतं बेअरिंग बदलता आलं. प्लास्टिकची पुली असती तर बहुधा अख्खीच घ्यावी लागली असती. बेअरिंगच्या सीलवर ६२०३ २आरएस असं होतं: आत १७ मिलीमीटर, बाहेर ४०, जाडी १२, दोन्ही बाजूंना रबरी सील. एवढा नंबर असला की उद्यमनगरातल्या दुकानात गाडीचं नावसुद्धा सांगावं लागत नाही. नवं बेअरिंग व्हाइसमध्ये (शिकंज्यात) दाबून बसवलं, पण दाब फक्त बाहेरच्या रिंगवर, त्याच मापाचा पान्याचा सॉकेट लावून. आतल्या रिंगवर दाब दिला तर तो गोळ्यांमधून जातो आणि नवंकोरं बेअरिंग बसवतानाच बिघडतं. बेल्ट चढवला, गाडी सुरू केली, खरखर गेली. मामंजींनी स्क्रू ड्रायव्हर लावून तपासून घेतलं, ते वेगळं.

आता उणिवा. इंजिनाचा ब्लॉक सगळे आवाज इकडून तिकडे नेतो, त्यामुळे एका जागी ऐकून निकाल देता येत नाही. शेजारच्या भागांशी ताडून पाहावंच लागतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तर सगळंच बिघडलेलं वाटेल. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची टिकटिक केवढी मोठी ऐकू येते! ती सगळ्या इंजेक्टरवर सारखी असेल तर ठीक आहे. बेल्टच्या कुईकुईसाठी हा घेऊ नका. चालत्या गाडीतल्या आवाजांना, म्हणजे व्हील बेअरिंग किंवा सस्पेन्शनला, याचा काही उपयोग नाही. आणि खालून जड ठोके येत असतील, त्यात ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर ऐकत बसूच नका. इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या.

वापरताना केस बांधा, ओढणी घरातच ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो. रबरी पाइपही बेल्टपासून लांब धरा, तो लोंबत राहतो. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, बंद पार्किंगमध्ये हे उद्योग नकोत.

कानातली बोंडं कडक प्लास्टिकची आहेत, थोड्याच वेळात दुखायला लागतात; मी जुन्या इअरफोनची मऊ बोंडं ओढूनताणून बसवली. सळी डबीला आट्यांनी बसते आणि इंजिनाच्या कंपाने ढिली होते. ढिली झाली की तिचाच खुळखुळाट ऐकू येतो आणि चांगल्या अल्टरनेटरवर आळ जातो, तेव्हा कानाला लावण्याआधी ती पिळून घ्या.