कामावरील दुखापतीची भरपाई: फोंड्यातील एका वकिली कार्यालयाचा अनुभव

2023 मध्ये गोव्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेस या दाब देणाऱ्या यंत्राखाली सापडून माझ्या धाकट्या भावाची उजव्या हाताची तर्जनी मुळापासून तुटली. त्याच्या भरपाईचा दावा फोंड्यातील एक वकिली कार्यालय चालवत आहे. शारीरिक दुखापतीच्या बाबतीत या कार्यालयाचे काम उत्तम आहे, मानसिक दुखापतीच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडले.

भावाचा पगार 21,000 रुपयांहून अधिक असल्यामुळे त्याला ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, संरक्षण नव्हते आणि 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचाच मार्ग उरला होता. कार्यालयातील वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सगळा हिशेब कागदावर मांडून दाखवला. पगार कितीही जास्त असला तरी हा कायदा महिना 15,000 रुपयेच धरत असे. त्याचे 60 टक्के, वयाच्या पूर्ण 30 वर्षांसाठीचा 207.98 हा गुणक आणि पूर्ण तर्जनी गेल्यास अनुसूचीने, म्हणजे कायद्याला जोडलेल्या दुखापतींच्या यादीने, ठरवलेले 14 टक्के, असे मिळून सुमारे 2,62,055 रुपये होतात. प्रत्यक्ष पगारापेक्षा इतकी खालची मर्यादा मला अन्यायकारक वाटते, पण ती आधीच स्पष्टपणे सांगितल्यामुळे घरात खोट्या आशा निर्माण झाल्या नाहीत.

भाऊ कंत्राटदाराचा माणूस आहे, असे सांगून कंपनीने हात झटकले होते. कार्यालयाने कंत्राटी कामगारासाठी मूळ मालकालाही जबाबदार धरणाऱ्या कलम 12 च्या आधारे कंपनी आणि कंत्राटदार या दोघांनाही प्रतिवादी केले. थोडी रक्कम घेऊन हक्क सोडल्याच्या कागदावर सही करण्यासाठी भावावर दबाव येत होता, तेव्हा असा करार कलम 17 नुसार निरर्थक ठरतो, हे वकीलबाईंनी त्याला शांतपणे समजावले. पुढे मालकाला मान्य असलेली रक्कम निकालाआधीच जमा करावी लागते, या तरतुदीवर बोट ठेवून त्यांनी बोटाची भरपाई असे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे जमा करून घेतली.

अपघातानंतर भावाला यंत्राच्या आवाजाने दरदरून घाम फुटे, रात्री झोप लागत नसे आणि प्रेससमोर उभे राहणे त्याला अशक्य झाले. बांबोळीच्या मनोरुग्णालयात, म्हणजे आयपीएचबीमध्ये, त्याच्यावर उपचार सुरू झाले. ते कागद कार्यालयाने केवळ जोडपत्र म्हणून दाव्याला लावले, कारण अनुसूचीत मनाच्या दुखापतीला टक्केवारी नाही. परंतु अनुसूचीत नसलेल्या दुखापतीमुळे कमाईची क्षमता कायमची किती घटली, हे पात्र डॉक्टरांकडून ठरवून घेण्याची तरतूद कलम 4 मध्ये आहे आणि एकाच अपघातातील अनेक दुखापतींची भरपाई एकत्र मिळू शकते. आमच्या आग्रहानंतर दाव्यात दुरुस्ती झाली, पण तोवर सुनावणी बरीच पुढे गेली होती आणि तो भाग अद्याप निकाली निघालेला नाही. हाताने कष्ट करणाऱ्याची भीती ही दुय्यम बाब आहे, अशी समजूत या क्षेत्रातल्या चांगल्या वकिलांतही खोल रुजलेली आहे, याचे मला वाईट वाटते.

तरीही वेर्णा, मडकई, कुंडई येथील कामगारांना मी याच कार्यालयात जाण्यास सांगेन. मात्र पहिल्या भेटीतच उपचारांचे सर्व कागद पुढे ठेवावेत आणि मानसिक दुखापतीसाठी डॉक्टरांचे स्वतंत्र मूल्यमापन मागून घ्यावे. 21 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अपघातांना 1923 च्या कायद्याऐवजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होत असल्याने आपला दावा कोणत्या कायद्याखाली येतो, तेही तेव्हाच विचारावे.