कोजागरीचा खेळ: फोनवरची क्विझ की दोरीवरचे पत्ते?

सोसायटीच्या कार्यक्रमात एकदा माईक धरलात की पुढची दहा वर्षं तो फिरून फिरून तुमच्याच हातात येतो. माझं तसंच झालं. पहिल्या दोन कोजागरींना मी गच्चीवर फोनवरची क्विझ घेतली, नंतरच्या दोन वर्षी पत्त्यांचा खेळ. परवा बी विंगमधल्या मित्राने जिन्यात गाठून विचारलं, "यंदा माझ्या गळ्यात पडलंय, काय घेऊ?" जिन्यात जेवढं बोलता आलं तेवढं बोललो, उरलेलं इथे.

फोनवरची क्विझ बहुतेकांनी ऑफिसात खेळलेली असते, त्यामुळे ती फार समजावून सांगत नाही: प्रश्न पडद्यावर, उत्तर फोनवर दाबायचं. तिचे फायदे खरे आहेत. तयारी एका संध्याकाळची. गुणांची बेरीज आपोआप होते, त्यामुळे "आमचे दहा कुठे गेले?" हे भांडण नाही. साठ माणसं आली तरी सूत्रसंचालकाचा घसा शाबूत राहतो. पोरं पहिल्या मिनिटापासून तुमच्या बाजूची. आमच्याकडे एकाची मुलगी परदेशातून व्हिडिओ कॉलवर खेळली आणि तिसरी आली. पत्त्यांच्या खेळात हे मला कधीच जमवता आलं नाही. अडचणी म्हणाल तर प्रोजेक्टर वर चढवा, पडदा बांधा, गच्चीवर वायफाय पोचत नाही. पण ही कटकट कुठल्याही कार्यक्रमाला असतेच, त्यावरून मी निर्णय घेतला नसता.

माझा निर्णय झाला तो एका प्रश्नावर. प्रश्न होता, दशमान पद्धत येण्याआधी एका रुपयाचे किती पैसे होत? पर्याय १००, ६४, ३२, १६. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा चेहरा असा खुलला की मला माईकवरून ते दिसलं. १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले तेव्हा ते शाळेत होते. ते खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "अरे, चार पैशांचा आणा, आणि सोळा आण्यांचा..." पण टीमचा फोन ज्याच्या हातात होता त्या नववीतल्या पोराने "अरे"लाच १०० दाबून टाकलं होतं. त्याचीही चूक नाही. असल्या ॲपमध्ये बहुधा लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, आणि ते पोर तीन सेकंदांत दाबायचं हे मागच्या सहा प्रश्नांत शिकलं होतं. टीमला शून्य. आजोबांचं वाक्य पुरं होईपर्यंत पुढच्या प्रश्नाचं घड्याळ सुरू झालेलं. त्यांनी उरलेला हिशेब शेजारच्या काकूंना सांगितला आणि पुढच्या फेरीला खुर्ची दुधाच्या पातेल्याकडे वळवून बसले.

दुसऱ्या वर्षी मी यावर उपाय करून पाहिला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वेगाचे गुण बंद केले, वेळ एक मिनिट ठेवला. मग झालं असं की घाईवाले पाच सेकंदांत उत्तर देऊन उरलेली पंचावन्न सेकंद रील बघायला लागले. फोन हातात होताच. सगळ्यांच्या माना खाली, तोंडावर निळा उजेड, आणि वर कोजागरीचा चंद्र एकटाच. हे माझ्या गच्चीपुरतं असेल, तुमच्याकडची माणसं कदाचित जास्त शिस्तीची असतील.

आता पत्ते. उघड्या पत्त्यापेक्षा पुढचा उलटा पत्ता वर, म्हणजे मोठा, की खाली, म्हणजे लहान, ते ओळखायचं, असा हा खेळ. तो मी शोधलेला नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये एनबीसीवर 'कार्ड शार्क्स' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, गुडसन-टॉडमन या खेळकार्यक्रमांच्या नामांकित कंपनीचा. १९८० पासून ब्रिटनमध्ये ब्रूस फोर्सिथ तोच प्रकार 'प्ले युअर कार्ड्स राइट' म्हणून घ्यायचे, आणि तिथे समोर बसलेले प्रेक्षकच "वर! वर!", "खाली! खाली!" ओरडायचे. आपल्याकडे केबीसी २००० मध्ये आलं आणि क्विझ म्हणजे एक खुर्ची, एक शहाणा माणूस आणि चार पर्याय असं डोक्यात पक्कं बसलं. या खेळात शहाणपण लागतं, पण वेगळं.

प्रश्न पुस्तकातला नसतोच. मूळ कार्यक्रमात शंभर जणांना आधी विचारून ठेवलेलं असे. मी आमच्याच ४० घरांना विचारलं. पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या, वॉचमनच्या टेबलावर बुटाचं खोकं, आठवडाभर. मग गच्चीवर विचारायचं, "४० पैकी किती जणांना जोडीदाराचा मोबाईल नंबर पाठ आहे?" पहिली टीम आकडा सांगते, दुसरी फक्त एवढंच म्हणते की खरा आकडा त्याच्या वर आहे की खाली. पहिली टीम आपसात भांडून ३० वर आली. दुसरी म्हणाली खाली. चिठ्ठ्यांत निघाले १४. त्यानंतर पाच मिनिटं खेळ बंद, कारण जोडपी जागच्या जागी एकमेकांची परीक्षा घ्यायला लागली. गूगल करून सापडणार नाही आणि हुशार पोराला पाठ असणार नाही, असा हा प्रश्न. ज्याला माणसं कळतात तो जिंकतो, आणि तो बहुतेक वेळा साठीच्या पुढचा असतो.

जिंकणारी टीम पत्त्यांवर येते. पाच पत्ते उलटे, पहिला उघडायचा, पुढचा वर की खाली ते सांगायचं. पहिला पत्ता आवडला नाही तर एकदा बदलून मिळतो. मध्येच भीती वाटली तर थांबायचं आणि तिथपर्यंतचं राखायचं. आमच्या पोरांनी त्याला 'स्टॅच्यू' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. चुकलात तर पुन्हा पहिल्या पत्त्यावर, आणि दुसरी टीम आपली रांग खेळायला मोकळी.

गंमत कुठे आहे ते सांगतो. राजा उघडला तर नातवंडंही "खाली" ओरडतात, कारण एक्का सगळ्यांत मोठा धरला तर उरलेल्या ५१ पत्त्यांपैकी ४४ त्याच्या खालचे. पण अठ्ठी आली की? तिच्या वर २४, खाली २४, आणि बरोबरीच्या ३ अठ्ठ्या. गणित हात वर करतं आणि गच्ची दोन भागांत फुटते. जन्मभर मेंढीकोट खेळलेले तेच आजोबा अशा वेळी हात वर करून सगळ्यांना गप्प करतात आणि म्हणतात, "थांबा, तीन एक्के आधीच गेलेत. खाली म्हणा." आणि त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत सगळी टीम थांबते, कारण घड्याळ नाही. (पुढचा पत्ता उरलेला चौथा एक्का निघाला. तो भाग वेगळा.)

त्रासही बराच आहे, लपवत नाही. चिठ्ठ्या गोळा करायला आठवडा जातो, आणि "हे कशाला हवंय तुम्हाला?" असं चार घरं तरी विचारतात. नेहमीचा कॅट तिसऱ्या रांगेतून दिसत नाही. मी जाड कार्डशीटवर मार्करने ५२ पत्ते काढले आणि राणी काढायला मुलीला बसवलं. टेबलावर ठेवले तर वाऱ्याने उडतात, म्हणून कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी उलटे लटकवले. पहिल्या वर्षी कागद पातळ निघाला आणि मागच्या ट्यूबच्या उजेडात चौकटचा गुलाम आरपार दिसायला लागला. समोरची टीम बराच वेळ गप्प होती, नंतर कळलं का ते. नियम आधी माईकवर सांगा: एक्का मोठा की लहान, आणि सारखा पत्ता आला तर काय. मूळ खेळात सारखा पत्ता म्हणजे हार. आमच्याकडे त्यावरून भांडण झालं, तेव्हापासून मी नवीन पत्ता काढतो.

शेवटची फेरी पैजेची असते, ती चिंचोक्यांवर खेळा. पैसे म्हटलं की समितीतलं कोणीतरी "देवाधर्माच्या दिवशी जुगार?" म्हणणारच, आणि म्हणणारा तोच असेल जो गणपतीच्या जागरणाला पहाटे चारपर्यंत रमी खेळत बसतो.

आणखी एक तक्रार रास्त आहे. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, राजधान्या आणि नोबेल पारितोषिकं मुखोद्गत. पत्त्यांच्या वर्षी ते हिरमुसले. "यात ज्ञानाला काय किंमत?" म्हणाले. खरंच फारशी नाही. त्यांच्यासाठी मी मध्ये पाच सरळ प्रश्नांची फेरी घालतो, उत्तर टीमने बोलून ठरवायचं, कागदावर लिहून द्यायचं. त्यांचं समाधान झालंय असं म्हणवत नाही, पण ते येतात.

तर, तुमचे पाहुणे पन्नास-साठ जण आणि बहुतेक तिशीच्या आतले असतील, किंवा निम्मी मंडळी व्हिडिओ कॉलवर असतील, तर फोनवरची क्विझच घ्या. त्यात काही कमीपणा नाही. हाताशी एकच संध्याकाळ असेल तरीही तेच. पण घरची साठीशांती, कोजागरी, बारशानंतरची दुपार, म्हणजे जिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे एका सतरंजीवर आहेत, तिथे मी तरी फोन काढायला सांगणार नाही. टीम पाडताना नवरा-बायको वेगळ्या टीममध्ये टाका, आणि प्रत्येक टीमला एकतरी पत्त्यांतलं मुरलेलं माणूस द्या.

मोठे पत्ते हवे असतील तर माझ्याकडचे न्या, चिमटे आणि चिंचोक्यांसकट. फक्त बदामाच्या सत्तीवर गेल्या वर्षी मसाला दूध सांडलंय आणि ती मागूनही ओळखू येते, तेवढी नवीन करून घ्या.